गाडीचा मूळ साउंड सुधारायचाय? स्टिरिओ राहू द्या, आधी दरवाजा उघडा

प्रश्न थोडक्यात असा: गाडीत कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ आहे आणि चार दरवाजांत चार स्पीकर. आवाज निम्म्यापर्यंत ठीक लागतो. त्यापुढे नेला की गाणाऱ्याचा गळा चिरका होतो, दरवाजाचं प्लॅस्टिक खडखडतं आणि बास म्हणजे नुसती थडथड. साधी हत्यारं हाताशी आहेत, वायरींची भीती नाही. सुरुवात कशापासून करू? स्टिरिओ बदलू, चारही स्पीकर बदलू, की डिकीत एक सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर, टाकून मोकळा होऊ?

या तिन्हींपैकी काहीच आधी नको. आधी पुढचे दोन दरवाजे. ते नीट केले, त्यांत एक बरी जोडी बसवली आणि त्या जोडीला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर दिला, तर बहुतेकांचं समाधान तिथेच होतं. सबवूफर त्यानंतर. स्टिरिओ बदलायची वेळ बऱ्याचदा येतच नाही. लोक हाच क्रम उलटा धरतात, कारण स्क्रीन डोळ्यांना दिसते आणि दरवाजाच्या आत काय चाललंय ते कोणी बघत नाही.

घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते. गाडीत ती पेटी म्हणजे दरवाजा, आणि पेटी म्हणून तो अगदीच भिकार असतो. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. म्हणजे मागून निघणारा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा. हे दोन आवाज भेटले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. १०० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते, तेव्हा दरवाजाच्या आतून वळसा घालून येणारी वीतभर वाट त्याला काहीच नाही, तो उलटाच्या उलटा बाहेर पोचतो. आणि वाट मोकळीच असते. काचेची मोटर, तिची यंत्रणा आणि कुलूप बसवता यावं म्हणून आतल्या पत्र्याला तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी भोकं ठेवलेली असतात. त्यांवरचा पातळ प्लॅस्टिकचा कागद पाणी अडवतो, आवाज अडवत नाही. वर बाहेरचा पत्रा इतका पातळ की स्पीकरबरोबर तोही वाजतो. अशा दरवाजात महागडा स्पीकर बसवून लोक म्हणतात, “फारसा फरक पडला नाही.” पडणार कसा?

पॅनल उघडण्याआधी कान लावून एक तपासणी करा. इक्वलायझर सरळ रेषेत आणा, ‘लाउडनेस’, ‘बास बूस्ट’, ‘सराउंड’ असलं जे असेल ते बंद करा, फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग, पूर्ण पुढे न्या. २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर फोनमध्ये घेऊन मध्यम आवाजात लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी दरवाजाच्या प्लॅस्टिकवर जागोजागी तळवा दाबून ठेवायला सांगा. खडखड कुठे थांबते ते टिपून घ्या. अर्ध्या वेळा दोषी निघतो दरवाजाच्या कप्प्यातला चष्मा, सैल नंबरप्लेट किंवा मागच्या काचेखालचा ट्रे. मग एक मोनो रेकॉर्डिंग लावा, निवेदन वगैरे. आवाज डॅशबोर्डच्या एका जागेवरून न येता सगळीकडे विरघळल्यासारखा वाटला आणि बॅलन्स एका बाजूला नेल्यावर बास उलट वाढला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या आहेत. आधी कुणी काम केलेल्या गाड्यांत हे सर्रास आढळतं आणि दुरुस्ती फुकटात होते.

आता उघडणं. काच पूर्ण वर घ्या, चावी काढा, बॅटरीची ऋण बाजू सोडवा आणि एअरबॅगच्या सर्किटमधला साठा उतरेपर्यंत काही मिनिटं थांबा. किती थांबायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेच प्रमाण माना. काही जुन्या स्टिरिओंना बॅटरी सोडवल्यावर कोड मागायची सवय असते, तो आधीच शोधून ठेवा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर आपलं काम फक्त १२ व्होल्टच्या बाजूला. नारिंगी वेष्टणाच्या वायरींच्या वाटेला जायचं नाही.

दरवाजाचे स्क्रू लपवलेले असतात: ओढायच्या खाचेतल्या टोपीखाली, आतल्या हँडलच्या मागे, कधी आरशाच्या तिकोनी झाकणाखाली. ते काढल्यावर प्लॅस्टिकची चपटी पट्टी खालच्या कोपऱ्यात घालून क्लिपा एकेक करत सोडवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरलात तर पत्र्याचा रंग आणि पॅनलची कड, दोन्ही गेलं. क्लिपा तुटतातच, म्हणून दहा-बारा जादा आणून ठेवा. पॅनल सुटल्यावर ओढू नका. आधी वर उचला, मग मागे हात घालून काचेच्या बटणांचा कपलर आणि हँडलची केबल सोडवा. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. चार दिवसांनी कुठला स्क्रू कुठला होता हे कुणालाच आठवत नाही.

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर दरवाजाच्या पोकळीत बसवलेला असतो. धडकेत पत्रा आत दबला की पोकळीतला दाब झटकन वाढतो, त्यावरून तो निर्णय घेतो. अशा दरवाजात नवी भोकं पाडायची नाहीत, सेन्सरवर किंवा त्याच्या तोंडाजवळ काही चिकटवायचं नाही, आणि जे झाकण जसं होतं तसंच घट्ट परत बसवायचं. तुमच्या गाडीत तो आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डॅम्पिंगसाठी वरून ॲल्युमिनियमची फॉइल असलेली ब्यूटिल रबराची शीट घ्या, २ मिलिमीटरच्या आसपास जाडीची. छपरासाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण उन्हात ती ढिली होते, ओघळते आणि गाडीत वास कोंडतो. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करा, धुळीवर ब्यूटिल धरत नाही. मग स्पीकरच्या बरोबर मागचा भाग आणि पत्र्याचा मधला सपाट पट्टा एवढं झाका. पाव ते एक तृतीयांश क्षेत्र झाकलं तरी पत्र्याचं घणघणणं बंद होतं. बोटाच्या गाठीने टकटक करून बघा, ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्प’ आवाज आला की झालं. सगळा पत्रा मढवल्याने फायदा त्या मानाने वाढत नाही, वजन मात्र वाढतं: अशी शीट एका चौरस मीटरला साधारण ३ किलो भरते आणि ते सगळं बिजागऱ्यांवर येतं. शीट रोलरने इतकी दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट व्हावी. फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला.

खरा फायदा आतल्या पत्र्यावर आहे. लहान भोकं शीटनेच बंद होतात. मोठ्या भोकांवर नुसती शीट लावली तर ती बासबरोबर ढोलकीच्या पानासारखी हलते आणि केलेलं काम वाया जातं. तिथे पातळ ॲल्युमिनियम किंवा कडक प्लॅस्टिकची तबकडी कापून, कडेला ब्यूटिलची पट्टी देऊन, छोट्या स्क्रूने बसवा. स्क्रू अशासाठी की कधीतरी काचेची मोटर बिघडेल, तेव्हा तबकडी काढता आली पाहिजे. दरवाजाच्या तळाची निचऱ्याची भोकं मात्र कधीही बुजवू नका. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाजाच्या आत येतंच, ती त्याची ठरलेली वाट आहे. कुलपाच्या सळया, केबल, काचेचा मार्ग मोकळा आहे ना ते काच दोन-तीनदा वरखाली करून तपासा, त्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडावी लागेल. ती जोडताना सोडवलेला एअरबॅगचा कपलर असेल तर तो आधी परत लावा, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसेल.

एवढं झाल्यावर जुनेच स्पीकर परत लावून दोन-चार दिवस गाडी चालवा. लोक हा टप्पा टाळतात. पण दरवाजा बंद झाल्यावर कंपनीचे स्पीकरही खालच्या सुरांत बरेच सुधारतात, आणि नवीन जोडीवर किती खर्च करायचा याचा अंदाज तिथे येतो.

स्पीकर निवडताना डब्यावरचा मोठ्या अक्षरातला वॉटचा आकडा पाहूच नका. दोनच आकडे कामाचे: आरएमएस वॉट, म्हणजे सतत पेलता येणारी खरी शक्ती, आणि संवेदनशीलता, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. ८८ आणि ९१ हा फरक किरकोळ दिसतो, पण ३ डेसिबल म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट शक्ती. इथे एक मेख आहे. काही उत्पादक हा आकडा १ वॉटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॉट. म्हणजे ३ डेसिबल फुकटात वाढवून दाखवलेले. तुलना करण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. कंपनीचा कागदी पडद्याचा, हलका स्पीकर कमी शक्तीत वाजावा म्हणूनच बनवलेला असतो. त्याच्या जागी जड पडद्याचा, जाड रबरी काठाचा ‘परफॉर्मन्स’ स्पीकर लावून तो मूळ स्टिरिओवरच चालवला तर आवाज आधीपेक्षा कमी येऊ शकतो. अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाच नसेल तर ९० डेसिबलच्या पुढचा हलका स्पीकर शोधा. घेणार असाल तर हा विचार सोडून द्या.

ओहम मोजून घ्या. ४ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर ३.२ ते ३.६ दाखवतो, तो ठीक आहे. काही गाड्यांच्या वरच्या दर्जाच्या मूळ सिस्टिममध्ये २ ओहमचे स्पीकर असतात. तिथे ४ ओहमचे लावले तर शक्ती जवळपास निम्मी होते. आणि उलट, ४ ओहमसाठी बनवलेल्या मूळ स्टिरिओला २ ओहमचा स्पीकर लावला तर तो तापून बंद पडण्याची शक्यता.

ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा असलेला कॉम्पोनंट संच घ्यावा की एकत्र असलेला कोअ‍ॅक्सिअल? दरवाजातला स्पीकर गुडघ्याजवळ असतो आणि वरचे सूर सरळ रेषेत जातात, त्यामुळे कोअ‍ॅक्सिअलचा ट्वीटर तुमच्या पोटरीला गाणं ऐकवतो. पुढच्या जोडीसाठी माझी पसंती नेहमी कॉम्पोनंटला. ट्वीटर आरशाच्या तिकोनी झाकणात किंवा डॅशबोर्डच्या मूळ जागेत बसवा. काचेलगतच्या खांबावर बसवायचा मोह आवरा, कारण बऱ्याच गाड्यांत त्या आवरणामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तिच्या वाटेत स्क्रू, वायर, ट्वीटर, काहीच नको.

बसवताना खोली मोजा, काच पूर्ण खाली घेऊन मोजा. पुठ्ठ्याचा साचा करून बघितलात तर चुंबक काचेला अडतो का ते आधीच कळेल. मधली रिंग एचडीपीई प्लॅस्टिकची असावी. एमडीएफची रिंग दरवाजातल्या ओलीने फुगते, ती वापरायचीच तर सगळ्या बाजूंनी वॉर्निश द्या. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी, आणि स्पीकरच्या तोंडाभोवती जाड फोमचं कडं, जे पॅनल लावल्यावर जाळीला टेकेल. हे कडं विसरलात तर बराच आवाज पॅनलच्या मागेच फिरत राहतो. धन-ऋण तपासायला दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावा: धन टोकाला धन दिल्यावर पडदा बाहेर यायला हवा. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका.

मागच्या दरवाजांना हात लावू नका. ऐकणारा पुढे बसतो आणि गाणाऱ्यांचा मंच डोळ्यांसमोर भासायला हवा. मागचे मूळ स्पीकर मूळ स्टिरिओवरच, हळू आवाजात चालू द्या. त्यांचे पैसे पुढच्या जोडीत घाला.

आता शक्तीबद्दल. स्टिरिओवर ‘५० वॉट × ४’ लिहिलेलं असतं. तो आकडा कुठून येतो ते पाहा. गाडी चालू असताना व्होल्टेज धरा १४.४. संपूर्ण चौकोनी, फाटलेली लहर ४ ओहमवर सोडली तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५१.८ वॉट. तो हाच ‘५०’. गाणं म्हणजे चौकोनी लहर नव्हे. स्वच्छ साइन लहरीचं शिखर १४.४ व्होल्ट धरलं तर आरएमएस १०.२ व्होल्ट आणि शक्ती सुमारे २६ वॉट. आतल्या ट्रान्झिस्टरांनी खाल्लेले व्होल्ट वजा केले की हाती १८ ते २० वॉट उरतात. निम्म्याच्या पुढे गळा चिरका होतो तो याच मर्यादेवर आपटून. अ‍ॅम्प्लिफायर घेताना त्याचे वॉट सीटीए-२००६ या मानकानुसार दिलेत का बघा. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आतली विकृती अशी अट आहे, त्यामुळे आकडे एकमेकांशी ताडता येतात. पुढच्या जोडीला प्रत्येकी ५० ते ७५ आरएमएस वॉट भरपूर झाले. चार चॅनेलचा, क्लास डी प्रकारचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्या: दोन चॅनेल पुढच्या जोडीला, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे जोडून एक करून, पुढे सबवूफरला. क्लास डी जुन्या क्लास एबीच्या निम्म्याहून कमी तापतो आणि सीटखाली मावतो.

मूळ स्टिरिओ ठेवायचा म्हटला की त्याला आरसीए आउटपुट, म्हणजे कमी व्होल्टचा संकेत बाहेर देणारी जोडणी, नसतं, ही अडचण येते. बहुतेक नव्या अ‍ॅम्प्लिफायरना स्पीकरच्याच वायरी थेट घेणारं ‘हाय लेव्हल’ इनपुट असतं, नसेल तर लाइन आउटपुट कन्व्हर्टर मध्ये घाला. लक्षात ठेवा, या स्टिरिओंची स्पीकरची ऋण वायर म्हणजे बॉडी अर्थ नव्हे. दोन्ही वायरींवर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्ट असतात. ती अर्थला टेकवली तर स्टिरिओचा आउटपुट आयसी जायला वेळ लागत नाही. काही स्टिरिओ स्पीकर जोडलाय का हे तपासतात आणि भार सापडला नाही तर चॅनेलच बंद करतात. मग आउटपुटवर रेझिस्टर लावून त्यांची समजूत घालावी लागते. आणि मूळ सिस्टिममध्ये वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असून त्याच्याकडे संकेत फायबर ऑप्टिक किंवा डिजिटल बसवरून जात असेल, तर त्या गाडीसाठी बनवलेला अडॅप्टर शोधल्याशिवाय कात्री उचलू नका.

मूळ स्टिरिओची खोड वेगळीच: कारखान्यातच त्या स्वस्त स्पीकरांना सांभाळून घेणारं इक्वलायझिंग भरलेलं असतं, आणि बऱ्याचदा आवाज वाढवला की बास हळूच कमी केला जातो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधी डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप, असणं फार उपयोगाचं. स्टिरिओ बदलून हा प्रश्न सुटतो खरा, पण हल्ली त्याच स्क्रीनमध्ये एसी, पार्किंग कॅमेरा, गाडीच्या सेटिंग्ज असतात. डीएसपी लावणं त्यापेक्षा कमी भानगडीचं.

पॉवर वायरचं गणित करून मगच जाडी ठरवा. एकूण ३०० वॉट, कार्यक्षमता ८० टक्के, म्हणजे गाडीकडून ३७५ वॉट, १३.८ व्होल्टवर २७ अँपिअर. हा शिखराचा आकडा, गाण्याची सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. ५ मीटर लांबीत ८ गेजची, म्हणजे ८.४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जवळपास ०.२८ व्होल्ट खाते आणि ४ गेजची ०.११. मी ४ गेज घालतो, कारण पुढे सबवूफरची ताकद वाढली तर वायर परत ओढायची नसते. ‘सीसीए’ लिहिलेली वायर म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध दीडपटीच्या आसपास असतो. वापरायची तर जाडी एक पायरी वाढवून धरा.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, अ‍ॅम्प्लिफायरला नव्हे. इंजिनमागच्या पत्र्यातून जाताना वायर धारेवर घासली आणि वाटेत फ्यूज नसला तर गाडी पेटते, यात अतिशयोक्ती नाही. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवंच. अर्थची वायरही तेवढीच जाड, शक्य तितकी आखूड. बॉडीच्या पत्र्याचा रंग खरवडून, लग दाबून, बोल्टने घट्ट, वरून गंज रोखायला थोडं ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थसाठी वापरू नका, त्याची घट्ट पकड जीव वाचवण्यासाठी ठरवून दिलेली असते. दरवाजाच्या रबरी नळीतून नवीन जाड वायर ओढायचा हट्टही सोडा. ०.७५ चौरस मिलिमीटरची मूळ वायर, जाऊन-येऊन ८ मीटर, रोध ०.१८ ओहम: नुकसान अर्ध्या डेसिबलच्याही आत.

एक फॅरडचा कपॅसिटर लावा म्हणणारे भेटतील. व्होल्टेज १४.४ वरून १३.४ ला उतरेपर्यंत तो जवळपास १४ ज्यूल देतो. ३७५ वॉटला ते एका सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढंही पुरत नाहीत. दिवे मिणमिणत असतील तर आधी बॅटरीची टोकं आणि अर्थ बघा.

गेनचं बटण आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या व्होल्टेजची जुळणी करणारं ते बटण आहे. स्पीकर सोडवा, क्रॉसओव्हर (स्पीकरांत सूर वाटून देणारे फिल्टर) बंद, इक्वलायझर सरळ. मूळ स्टिरिओ कमाल आवाजाच्या पाऊण भागावर ठेवा. पूर्ण पातळीचा, म्हणजे ० डेसिबलचा सूर लावा, मल्टिमीटर एसीवर, आणि आउटपुटला किती व्होल्ट हवेत ते काढा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ६० वॉट, ४ ओहम असेल तर १५.५ व्होल्ट. तिथे गेन थांबवा. स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी नीट मोजत नाहीत, म्हणून पुढच्या जोडीसाठी ४०० हर्ट्झच्या आतला सूर आणि सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा घ्या. रेकॉर्डिंगं हळू वाटली तरी लगेच गेन वाढवू नका. स्पीकर जळतात ते बहुतेक वेळा या हव्यासात, कापल्या गेलेल्या लहरी तासन्‌तास ढकलल्यामुळे.

पुढच्या जोडीला हाय पास ८० हर्ट्झ लावा, म्हणजे त्याखालचे सूर अडवा. याने बास कमी होईल अशी भीती वाटते, पण पडद्याला मोठे हेलकावे खायला लावणारे सूर काढून घेतले की बाकीचं सगळं मोकळं होतं. सबवूफर नसेल तर ६० वर आणा. डीएसपी असेल तर सर्वांत मजेचा भाग वेळेची जुळणी. आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. चालकाच्या कानापासून जवळचा दरवाजा ९० सेंटिमीटरवर आणि लांबचा १४० वर असेल, तर जवळच्याला १.४६ मिलिसेकंद उशीर द्या. टेप घेऊन बसा, आकडे भरा आणि डोळे मिटा: गाणारा दरवाजातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येतो. एवढ्या पैशांत एवढा फरक देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. इक्वलायझरमध्ये वाढवण्यापेक्षा कमी करण्याकडे कल ठेवा. खटकणारा पट्टा शोधून ३-४ डेसिबल उतरवा. मोजायचा माईक असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, पण रेषा तंतोतंत सरळ करत बसू नका. गाडीत सरळ रेषा रुक्ष आणि कर्कश वाटते. बासकडे थोडी चढती, वरच्या सुरांकडे हलकी उतरती ठेवा.

सबवूफरबद्दल तुमचा तिसरा पर्याय चुकीचा नव्हता, फक्त लवकर होता. टायरचा आणि रस्त्याचा आवाज मुख्यतः खालच्या सुरांत असतो आणि तो नेमका बासच झाकतो, म्हणून उभ्या गाडीत पुरेसा वाटणारा बास चालत्या गाडीत गायब होतो. सीटखाली बसणारा ८ इंची पॉवर्ड सबवूफर नीटनेटका, जागा न खाणारा, पण ४० हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, तेव्हा तोच घ्यायचा तर वरचे ब्रिज केलेले दोन चॅनेल लागत नाहीत. जागा देता येत असेल तर बंद पेटीतला १० इंची: पेटी उत्पादकाने सांगितलेल्या घनफळाची, बहुतेकदा २० ते २८ लिटरच्या दरम्यान. गाडीची लहान पोकळी स्वतःच खालचे सूर उचलून धरते, म्हणून बंद पेटी इथे घरापेक्षा कितीतरी खोल जाते. नळीची पेटी जोरात वाजते, पण मोठी होते आणि तिला २५-३० हर्ट्झचा सबसॉनिक फिल्टर लावावाच लागतो, नाहीतर नळीच्या सुराखाली पडदा बेलगाम हलतो. दोन कॉइलचा सबवूफर घेताना जोडणीचा हिशेब आधी करा: ४ आणि ४ ओहम समांतर जोडले तर २, एकामागे एक जोडले तर ८. ब्रिज केलेल्या चॅनेलना बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या खाली जाऊ देत नाहीत, तेव्हा तिथे २ आणि २ ओहमच्या कॉइल एकामागे एक जोडून ४ करा. लो पास ८० हर्ट्झ, म्हणजे त्यावरचे सूर अडवा, आणि मग फेज बटण दोन्हीकडे करून बघा. ज्या बाजूला ८० हर्ट्झच्या आसपासचा सूर चालकाच्या जागेवर भरीव लागतो ती बाजू बरोबर.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी किणकिण ऐकू आली तर कारण बहुतेक वेळा अर्थ असतो. आरसीएची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला काढून बघा. किणकिण थांबली तर दोष त्याच्या आधी, नाही थांबली तर अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ परत खरवडा. पॉवर वायर आणि आरसीए गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी नेल्या असतील तर ही वेळ क्वचित येते.

शेवटची तपासणी मल्टिमीटरची. सगळं बंद करून, दरवाजाचं कुलूप मिटलंय असं गाडीला भासवून, मीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर ठेवून बॅटरीच्या ऋण वायरीत घाला आणि गाडीचे संगणक झोपेपर्यंत थांबा, अर्धा तास लागू शकतो. तोवर दरवाजा, चावी कशालाच हात लावायचा नाही. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. त्याच्या वर अडकला तर अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढून बघा. आकडा लगेच उतरला, तर त्याची रिमोट वायर, म्हणजे त्याला चालू-बंद करणारी, अशा ठिकाणी जोडलीय जिथे चावी काढल्यावरही १२ व्होल्ट येत राहतात. ती स्टिरिओबरोबर बंद होणाऱ्या वायरीवर हलवा. काढलेले मूळ स्पीकर, क्लिपा आणि कपलर एका पिशवीत नाव घालून ठेवा, गाडी विकायच्या वेळी लागतील.